घरी भरलेल्या पॅचसाठी बॅकिंग कसं निवडायचं: आधी कड ठरवा, मग कागद

घरी केलेला पॅच बिघडतो तो बहुतेक वेळा कडेपासून. मधलं चित्र, नाव, तारीख सगळं जागच्या जागी असतं आणि कडेचा सॅटिन टाका, म्हणजे एकमेकांना लागून दाट घातलेल्या टाक्यांची पट्टी, मात्र कुठेतरी सुटून लोंबायला लागतो. सोसायटीतल्या मुलांच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी मी पहिल्यांदा बारा पॅच केले तेव्हा हेच झालं. साडेसात सेंटीमीटरचा गोल, मध्ये राजगडाचा बालेकिल्ला, भोवती चार मिलिमीटरची मरून कड. भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनवरून उतरले तेव्हा दृष्ट लागण्यासारखे होते. तीन आठवडे गेले, दोन धुणी झाली, आणि शेजारची मुलगी सॅक घेऊन दारात उभी राहिली. "मावशी, हे बघ ना, कड निघून आली." मी बोटाने कड उचलली. खाली ट्विलचे, म्हणजे तिरक्या विणीच्या पायाच्या कापडाचे, धागे मोकळे झाले होते आणि कापडात सुईच्या भोकांची सरळ ओळ दिसत होती, टपालाच्या तिकिटाला असते तशी.

त्या ओळीकडे बघताना माझी चूक मला कळली. सॅटिनच्या कडेत दोन टाक्यांमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असतं. म्हणजे एका सेंटीमीटरला, कडेच्या एकाच बाजूला, २५ भोकं. साडेसात सेंटीमीटरच्या गोलाचा घेर साडेतेवीस सेंटीमीटर धरला तर जवळजवळ सहाशे भोकं एकापाठोपाठ एक पडतात. बॅकिंग म्हणून, म्हणजे भरताना कापडाखाली आधाराला, मी लावला होता टिअर-अवे, म्हणजे फाडून काढायचा कागद. भोकांच्या ओळीवर सहज फाटावा म्हणूनच तो बनवलेला असतो. काम झाल्यावर मी तो हौसेने फाडून काढला, आणि कडेचा आधारच त्याच्याबरोबर निघून गेला.

तेव्हापासून मी "कापड कोणतं आहे?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न असा: कड कशावर बसणार आहे, आणि पॅच पूर्ण झाल्यावर तिच्या खाली काय उरणार आहे? शर्टावरच्या भरतकामाला चालणारा सल्ला पॅचला जसाच्या तसा चालत नाही. शर्टावर भरलेल्या फुलाच्या चारी बाजूंना शर्टाचं कापड असतं, ते ताण वाटून घेतं. पॅचला चारी बाजूंनी कापलेलं असतं. त्याच्या कडेला मदतीला कोणीच नसतं.

दुकानात कोणत्या नावाने मागायचं

"स्टॅबिलायझर" हा शब्द शिवणसाहित्याच्या दुकानात फारसा चालत नाही. "एम्ब्रॉयडरीचा बॅकिंग पेपर" किंवा "नॉनवोव्हन पेपर" म्हणा. लगेच विचारतील, "ताई, फाडायचा की कापायचा?" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. पॅचच्या कामात खरे उपयोगाचे प्रकार तीन.

टिअर-अवे, म्हणजे फाडायचा. हाताला कागदासारखा लागतो आणि टाक्यांच्या कडेने फाटतो.

कट-अवे, म्हणजे कापायचा. कापडासारखा मऊ पण चिवट. हाताने फाटत नाही, कात्रीनेच कापावा लागतो आणि टाक्यांखाली कायमचा राहतो.

वॉश-अवे, म्हणजे पाण्यात विरघळणारा. हा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, म्हणजे पीव्हीएचा बनतो आणि दोन रूपांत मिळतो. एक पारदर्शक फिल्म, दुसरा पांढऱ्या नॉनवोव्हन कापडासारखा दिसणारा. फिल्ममध्येही फरक आहे. २० ते ३५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ फिल्म कामाच्या वर ठेवायची असते, खाली लावायची नसते. पॅचची कड पेलायला ८० मायक्रॉनच्या आसपासची जाड फिल्म लागते. कितीतरी जणी पातळ फिल्म खाली लावतात, ती दोन मिनिटांत फाटते आणि मग "वॉश-अवे काही कामाचा नाही" असं ठरवून मोकळ्या होतात.

इस्त्रीच्या उष्णतेने नाहीशी होणारी एक फिल्मही मिळते. ती मखमलीसारख्या, पाण्यात घालता न येणाऱ्या कापडांसाठी. पॅचला तिची गरज पडत नाही.

एक घोळ आत्ताच सोडवून टाकू. पॅचच्या मागे इस्त्रीने चिकटवायची फिल्म असते किंवा वेल्क्रो असतो, त्यालाही लोक "बॅकिंग"च म्हणतात. तो शेवटचा थर आहे, भरतकाम पूर्ण झाल्यावर लागतो. भरताना खाली असतो तो वेगळा. या लेखात बॅकिंग म्हणजे भरतानाचा आधार, आणि त्या शेवटच्या थराला मी "मागचा थर" म्हणणार आहे.

पहिली पायरी: कड कशी बसवणार ते ठरवा

मशीनवर पॅच करायच्या तीन रीती आहेत. बॅकिंगची निवड जवळजवळ इथेच होते.

पहिली रीत म्हणजे भरा आणि कापा. मोठ्या कापडावर चित्र आणि कड दोन्ही भरायचं, मग कडेला लागून कात्री चालवायची. सगळ्यात सोपी, नव्याने शिकणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. इथे कडेची दोन्ही बाजूंची भोकं कापडात पडतात आणि कात्री बाहेरच्या ओळीपासून मिलिमीटरभर अंतरावरून जाते. त्यामुळे खाली कट-अवेच हवा: ६० जीएसएमचे दोन थर किंवा ८० जीएसएमचा एक. (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) टिअर-अवे इथे बिलकुल नको. या रीतीची उणीव दिसण्यात आहे. कापलेल्या कडेला पांढरी रेघ आणि कापडाचे बारीक तंतू डोकावतात. गडद कड असेल तर काळा कट-अवे मिळतो तो वापरा. नाहीतर कडेच्याच रंगाच्या, न धुतल्या जाणाऱ्या मार्करने ती रेघ रंगवून घ्या.

दुसरी रीत माझी आवडती, कारण बाजारातल्या पॅचसारखी भरीव, गोल कड हिच्यातच मिळते. भरतकामाच्या रिंगमध्ये फक्त वॉश-अवे लावायचा. मशीन त्यावर आधी पॅचच्या आकाराची एक साधी रेघ मारते. त्या रेघेत आधीच कापून ठेवलेला कापडाचा तुकडा नेमका बसवायचा. मशीन त्याला कडेने टाचून घेते, मग चित्र भरते आणि शेवटी सॅटिनची कड अशी घालते की तिचा आतला अर्धा भाग कापडावर आणि बाहेरचा अर्धा वॉश-अवेवर पडतो. वॉश-अवे विरघळला की बाहेरचे टाके कापडाची कड कवेत घेऊन उरतात. कात्री लावायचा प्रश्नच येत नाही, तंतूही दिसत नाहीत.

पण माझा पहिला प्रश्न इथेही विचारायचा: वॉश-अवे गेल्यावर खाली काय उरलं? नुसतं ट्विल. त्यावर किल्ला आणि अक्षरं दाट भरली असतील तर एकट्या ट्विलला ते झेपत नाही, पॅच वाटीसारखा वळतो. म्हणून तुकडा कापण्याआधीच ट्विलच्या मागे कट-अवे किंवा शिंपी कॉलरला लावतात ते फ्युजिंग इस्त्रीने बसवून घ्या आणि दोन्ही एकत्र कापा. म्हणजे कायमचा आधार तुकड्याबरोबरच राहतो, आणि वॉश-अवेकडे फक्त कडेपुरतं काम उरतं. या एका बदलाने माझे पॅच सुधारले, तेवढे दुसऱ्या कशाने सुधारले नाहीत.

या रीतीत वॉश-अवे कोणता? कापडासारखा दिसणारा घेतलात तर दोन थर लावा, एकाच्या तंतूंची दिशा आडवी आणि दुसऱ्याच्या उभी. जाड फिल्म घेतलीत तर एक थर पुरतो आणि कडही जास्त स्वच्छ निघते, पण दाट टाक्यांच्या ओळीवर ती चिरायची भीती असते. पहिल्या दोन-चार पॅचना कापडासारखाच वापरा, तो चुका सांभाळून घेतो. डिझाइनमध्ये सॅटिनच्या आधी कडेने एक धावती रेघ आणि एक विरळ झिगझॅग आहे ना, तेही बघा. बाहेरच्या टाक्यांना विरघळल्यानंतर धरायला तोच सांगाडा असतो.

तिसरी रीत म्हणजे कापडच नाही, नुसत्या दोऱ्याचा पॅच. लहान पान, चांदणी, एखादं अक्षर यांना ती शोभते. वॉश-अवेचे दोन थर लावा. डिझाइनमध्ये सगळ्यात खाली आडव्या-उभ्या टाक्यांची जाळी असलीच पाहिजे. जाळी नसेल तर विरघळल्यावर हातात दोऱ्याचा गुंता येतो. साडेसात सेंटीमीटरच्या भरीव पॅचला मी ही रीत सुचवणार नाही. दोरा खूप जातो आणि पॅच ताठ राहत नाही.

हाताने पॅच भरत असाल तर हा हिशोब बराच हलका होतो. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या फेल्टला बॅकिंग लागतच नाही, कडेला जवळजवळ काज टाका घातला की झालं. कापड सुती असेल तर मागे फ्युजिंग लावून घ्या. हाताचे टाके मशीनएवढे दाट नसतात, तेवढा आधार त्यांना पुरतो.

दुसरी पायरी: पायाचं कापड आणि चित्राची दाटी बघा

टाका पडला की दोरा कापडाला आपल्या दिशेने आवळतो. आडवे टाके भरले की चित्र रुंदीला थोडं आकसतं आणि उंचीला किंचित पसरतं. म्हणूनच गोल भरायला घेतला आणि अंडाकृती निघाला असं होतं, किंवा भरलेला भाग आणि कड यांच्यामध्ये कापडाची एक फट दिसायला लागते. बॅकिंगचं मुख्य काम हे आवळणं रोखणं आहे.

घट्ट विणीचं ट्विल किंवा ड्रिल पॅचसाठी उत्तम. पॉलिएस्टर-सुती मिश्रण असेल तर धुतल्यावर फारसं आटत नाही. वर सांगितलेले आकडे याच कापडासाठी आहेत. जाड कॅनव्हासला ५०-६० जीएसएमचा एक थर पुरतो. फेल्टला ताण कमी पडतो, पण त्याची लव बारीक अक्षरांच्या मधून वर येते. म्हणून फेल्टवर नाव लिहायचं असेल तर कामाच्या वरून पातळ वॉश-अवे फिल्म ठेवा. मांजरपाट, पॉपलीन अशी पातळ कापडं घ्यायचीच असतील तर मागे फ्युजिंग आणि खाली ८० जीएसएमचा कट-अवे, दोन्ही हवेत. होजियरी मात्र पॅचच्या पायाला नको. सगळे सोपस्कार करूनही ती ओढली जाते.

पूर्ण पृष्ठभाग भरलेला पॅच आणि नुसतं नाव-चित्र असलेला, मागचं कापड दिसणारा पॅच, यांत मोठा फरक आहे. पूर्ण भरलेल्याला एक थर जास्त द्या. दोन पातळ थर एकमेकांना आडवे-उभे लावले तर एका जाड थरापेक्षा चांगलं काम करतात. नॉनवोव्हन कागद एका दिशेला जास्त ताणला जातो आणि दुसऱ्या दिशेला कमी. आडवे-उभे लावले की दोन्ही दिशा सांभाळल्या जातात.

बकरमचं काय, असं खूपजणी विचारतात, कारण ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. बकरम ताठ असतं ते खळीमुळे. धुण्यात खळ गेली की पॅच मलूल होतो. फ्रेम करून भिंतीवर लावायच्या किंवा कधीच न धुवायच्या पॅचला चालेल, शाळेच्या दप्तरावर नको. वर्तमानपत्राचा कागद लावून बघणाऱ्याही आहेत. त्याची शाई फिकट दोऱ्याला लागते आणि कागद भोकांवर लगेच तुटतो. नका लावू.

तिसरी पायरी: दुकानातच तपासून घ्या

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी असो की मुंबईत भुलेश्वर, बॅकिंग पुष्कळदा सुट्ट्या रोलवरून मोजून मिळतं आणि त्यावर काहीच छापलेलं नसतं. त्यामुळे हातानेच ओळखायला शिकावं लागतं.

कागद उजेडासमोर धरा. तंतू सगळीकडे सारखे पसरलेले दिसले पाहिजेत. कुठे ढगासारखे दाट आणि कुठे विरळ असतील तर विरळ जागी टाका बुडणार. मग चारी दिशांना ओढा, तिरकंसुद्धा. कट-अवे कुठल्याही दिशेला रबरासारखा ताणला जात असेल तर परत करा. फाडून बघा. कट-अवे म्हणून दिलेला कागद सरळ रेषेत टरकन फाटला तर तो कट-अवे नाही. वॉश-अवेची शंका असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. काही क्षणांत तो भाग चिकट होऊन विरायला लागला पाहिजे.

घरी आल्यावर इस्त्रीची चाचणी कराच, ही कोणी सांगत नाही. बाजारात स्वस्त नॉनवोव्हनच्या नावाखाली कापडी पिशव्यांचं मटेरियल येतं. ते पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. इस्त्री "कॉटन"वर ठेवली तर २०० अंशांच्या आसपास जाते. पॅच उत्तम झाला, मागे इस्त्रीची फिल्म लावायला गेलात आणि आतलं बॅकिंगच आकसलं, तर सगळी मेहनत वाया. एक तुकडा सुती फडक्याखाली ठेवून कॉटनवर दहा सेकंद दाबा. कडक होऊन आकसला तर तो पिशवीचा. पॉलिएस्टरचं चांगलं बॅकिंग तसंच सपाट राहतं, कारण पॉलिएस्टर २५० अंशांच्या वर वितळतं.

जीएसएम सांगितलाय तेवढाच आहे का, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद तुकडा घडी करून काट्यावर ठेवा, येतील त्या ग्रॅमची दुप्पट करा. ४० ग्रॅम भरला तर ८० जीएसएम. परदेशी पाकिटांवर किंवा अमेरिकेतल्या डिझाइनच्या सूचनांत औंस (एका चौरस यार्डाचं वजन) लिहिलेले असतात. तिथे दीड औंस म्हणजे सुमारे ५० जीएसएम आणि अडीच औंस म्हणजे सुमारे ८५ असं धरून चाला.

चौथी पायरी: रिंगमध्ये बसवणं

सगळ्यात चांगलं बॅकिंग आणलं आणि रिंगमध्ये ढिलं लावलं तर पैसे पाण्यात. बॅकिंग ढोलकीच्या पुडीसारखं ताठ हवं, बोटाने टिचकी मारली की "टण्" असा आवाज आला पाहिजे. कापड मात्र असं ताणायचं नाही. ताणलेलं कापड रिंगमधून सुटल्यावर मूळ मापावर येतं आणि चित्राच्या कडेने चुण्या पडतात. मी रिंगमध्ये फक्त बॅकिंग लावते आणि कापड वर सपाट ठेवून चारी बाजूंनी लांब धावदोऱ्याने टाचते. तात्पुरता चिकटणारा स्प्रे वापरत असाल तर तो खोक्यात धरून बॅकिंगवर मारा, मशीनजवळ मारू नका. उडालेला गोंद बॉबिनच्या खोबणीत बसतो.

वॉश-अवे फिल्म रिंगमधून घसरते. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळून घेतली की पकड येते. भरतकामाच्या रिंगला आपल्या आज्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायच्या, तीच युक्ती.

पाचवी पायरी: बिनकामाचा गोल भरून बघा

खरा पॅच भरायच्या आधी त्याच कापडावर, त्याच बॅकिंगवर पाच सेंटीमीटरचा एक गोल भरा. आत एकाच दिशेचे टाके, भोवती चार मिलिमीटरची कड. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. रिंगमधून काढल्यावर पट्टीने आडवं माप घ्या, मग उभं. दोन्हींत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर बॅकिंगचा एक थर वाढवा. फरक नाही पण गोल टेबलावर सपाट बसत नाही, वाटीसारखा वर येतो, तर आधी टाक्यांची दाटी कमी करा, ०.४ वरून ०.४५ करा. बॅकिंग वाढवत जाणं हा प्रत्येक वेळी उपाय नसतो. कड आणि आतला भाग यांत फट दिसली तर कापड सरकतंय. टाचण पक्की करा आणि सॉफ्टवेअरमध्ये ओढीची भरपाई (पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे टाके आवळले जातील तेवढं चित्र आधीच रुंद ठेवणं) ०.२ ते ०.४ मिलिमीटर द्या.

आता उजेडाकडे धरून कडेच्या बाहेरून बोट फिरवा आणि कड हलकेच वाकवा. टिकली तर ठीक. भोकांच्या ओळीवर कापड उघडतंय असं दिसलं तर सुई बदला. घट्ट विणीच्या ट्विलला ७५/११ ची टोकदार सुई पुरते, जाड फेल्टला किंवा थर वाढले असतील तर ८०/१२. बोथट सुई भोक पाडत नाही, कापड खाली ढकलत नेते, आणि मग बिचाऱ्या बॅकिंगच्या नावाने ओरड होते.

सहावी पायरी: भरणं

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. घरगुती मशीनला वेग मिनिटाला ५००-६०० टाक्यांच्या वर नेऊ नका, कडेला तर त्याहूनही कमी. दुसऱ्या रीतीत कड शेवटी येते, तोवर वॉश-अवे थोडा सैल झालेला असतो. कड सुरू होण्याआधी मशीन थांबवा आणि रिंगच्या खालून बघा. कुठे चीर दिसली तर वॉश-अवेचाच छोटा तुकडा खाली सरकवा आणि पुढे चला. साध्या झिगझॅग मशीनवर कड घालणाऱ्यांनी टाक्याची रुंदी साडेतीन-चार मिलिमीटर ठेवावी आणि एकदम दाट न घालता आधी विरळ फेरी, मग दाट फेरी घालावी. एकाच फेरीत दाट घातली की कागद तिकिटासारखा सुटतो.

सातवी पायरी: बॅकिंग काढणं आणि वाळवणं

कट-अवे कापताना पॅच डाव्या हातात फिरवा, कात्री जागेवरच ठेवा. कात्रीचं पातं किंचित आतल्या बाजूला कललेलं असलं की पांढरी रेघ कमी दिसते. पॉलिएस्टरच्या ट्विलला उरलेले तंतू मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झटकन नेले की वितळून बसतात. सुती कापड आणि रेयॉनचा दोरा वितळत नाहीत, जळतात, त्यांना ज्योत दाखवू नका.

वॉश-अवेचा मोठा भाग आधी हाताने तोडून घ्या. कडेला राहिलेली झालर ओल्या कापसाच्या काडीने पुसली तरी जाते. पूर्ण पॅच भिजवायचा असेल तर कोमट पाणी घ्या, थंड पाण्यात वेळ लागतो. पाण्यात टाकणखार (बोरॅक्स) किंवा तो असलेली धुण्याची पूड घालू नका. टाकणखार आणि पीव्हीए एकत्र आले की घट्ट जेली होते आणि ती टाक्यांतून निघता निघत नाही. उलट थोडा पीव्हीए मुद्दाम आत राहू दिला तर पॅच छान ताठ राहतो. पुढच्या धुण्यांत तो जातोच, म्हणून ताठपणासाठी त्याच्यावरच विसंबून राहायचं नाही, त्यासाठी आतला कट-अवे आहे.

वाळवताना दोरीवर टांगू नका. ओला पीव्हीए सुकताना आकसतो आणि पॅचला वळवतो. दोन टॉवेलच्या मध्ये सपाट ठेवा, वर पोळपाट ठेवा, रात्रभर राहू द्या.

आठवी पायरी: मागचा थर

दप्तर, सॅक, जीन्स यांना मी नेहमी शिवायचाच पॅच देते, मागे काही नाही. इस्त्रीचा मागचा थर हवाच असेल तर पॅच पूर्ण वाळल्यावर लावा. आत ओल राहिली तर फुगे येतात. साधारण १५० अंशांना, वाफ न सोडता, सुती फडक्याखाली, इस्त्री घासत न नेता दाबून धरायची. जरीचा धागा असेल तर उलट्या बाजूनेच दाबा. आणि ज्याला पॅच देता त्याला सांगा की नायलॉनच्या विंडचीटरवर आणि रेनकोटवर इस्त्री लावायची नाही, तिथे शिवायचंच. फिल्म लावली तरी कडेने चार टाके घालायला मी सगळ्यांनाच सांगते. सॅक भिजते, वाळते, पाठीवर घासते. नुसता गोंद त्याला पुरत नाही.

पावसाळ्यात वॉश-अवे सांभाळणं

हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. पीव्हीए हवेतली ओल ओढून घेतो. जुलैत कोकणात किंवा मुंबईत उघडा ठेवलेला रोल चार दिवसांत लिबलिबीत होतो, रिंगमध्ये ताणला की लांबत जातो आणि कडेचे टाके वेडेवाकडे पडतात. हिवाळ्यात देशावरच्या कोरड्या हवेत तीच फिल्म इतकी कडक होते की रिंगचा स्क्रू आवळताना तडकते. रोल घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा. बुटांच्या, औषधांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. पावसाळ्यात जेवढी लागणार तेवढीच बाहेर काढा आणि हात कोरडे करून कामाला बसा. कडक झालेली फिल्म मात्र तासभर बाथरूममध्ये टांगून ठेवली की पुन्हा मऊ होते.

मी आता प्रत्येक चाचणीच्या गोलावर कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवते: कापड, बॅकिंगचा जीएसएम, किती थर, दाटी, महिना. महिना लिहायला विसरू नका. ऑगस्टमध्ये दोन थरांवर वाकडा आलेला गोल मी डिसेंबरात त्याच रोलवर, तेवढ्याच थरांवर पुन्हा भरला, तेव्हा तो चांगला गोल आला.